जड वाहनांच्या आवारासाठी डांबर, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक?

विचारलेला प्रश्न असा आहे: गोदामासमोर सुमारे चार हजार चौरस मीटरचे आवार आहे आणि तेथे रोज तीस-पस्तीस ट्रक व ट्रेलर येतात. तीन वर्षांपूर्वी केलेले डांबरीकरण वळणाच्या जागी आणि माल उतरवण्याच्या डॉकसमोर पूर्ण उखडले आहे. एक ठेकेदार त्यावरच ५० मिलिमीटरचा नवा डांबरी थर देण्याचे सांगतो, दुसरा १५० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट सुचवतो आणि तिसरा पेव्हर ब्लॉक. यांपैकी टिकणारे काय?

उखडलेल्या डांबरावर नवा थर मुळीच टाकू नये. तो फार तर दोन पावसाळे काढील. वळणाची आणि डॉकसमोरची जागा काँक्रीटची करावी, मात्र १५० मिलिमीटरची नव्हे. फाटकापासून आत येणारा सरळ पट्टा डांबरी राहू शकतो आणि ज्या भागाखालून पाण्याच्या किंवा विजेच्या वाहिन्या गेल्या आहेत, तेथे ब्लॉक योग्य ठरतील, कारण ते काढून पुन्हा बसवता येतात. हे उत्तर अर्धेच आहे, कारण तिघांनीही वरच्या थराबद्दल सांगितले आणि त्याखाली कोणती माती आहे, पाणी कोठे जाते, हे कोणी विचारल्याचे आपल्या वर्णनात दिसत नाही. आजवर मी जी बिघडलेली आवारे उकरून पाहिली, त्यांपैकी बहुतेकांत दोष खालच्या थरांत किंवा पाण्याच्या निचऱ्यात होता. वरचा थर निर्दोष असूनही त्यामुळे फुटला होता. म्हणून पुढील विवेचनात मी साहित्याच्या निवडीकडे थोडे उशिरा येईन.

आधी भाराचा हिशेब करू. आवारावर किती वाहने येतात यापेक्षा एका आसावर (ॲक्सलवर) किती वजन येते हे महत्त्वाचे असते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर निरनिराळ्या वजनांचे ट्रक सतत फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून पुढे आलेला ठोकताळा आजही वापरला जातो: रस्त्याचे नुकसान आसभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. एक टन आसभाराच्या मोटारीशी दहा टन आसभाराच्या ट्रकची तुलना केली, तर ट्रकचा एक आस मोटारीच्या आसाच्या सुमारे दहा हजार पट नुकसान करतो. आवारातील मोटारी आणि दुचाक्या जाडीच्या हिशेबात धरण्याचे कारणच उरत नाही. याच ठोकताळ्याने दहा टनांच्या जागी बारा टन भरलेला आस दुप्पट नुकसान करतो. भारक्षमतेपेक्षा जास्त माल भरलेली वाहने आपल्याकडे येत असतील, तर संकल्पकाला ते स्पष्ट सांगावे. कागदोपत्री भार धरून आखलेले आवार आठ वर्षे टिकायचे ते चार वर्षांत संपते आणि मग दोष विनाकारण काँक्रीटला लागतो.

आसभाराइतकाच चाकाचा प्रकारही पाहावा लागतो. ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या तीन-चार पट असतो, त्यामुळे पृष्ठभागावर येणारा ताण तितकाच तीव्र असतो. फोर्कलिफ्टकडे तर फारसे कोणी लक्षच देत नाही. तीन टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट दिसायला लहान असली, तरी भरलेल्या अवस्थेत तिच्या पुढच्या आसावर सहा ते सात टन येतात आणि टायर भरीव रबराचे असल्यामुळे हा भार अगदी थोड्या क्षेत्रावर पडतो. आणखी कठीण प्रकार म्हणजे सुटा करून ठेवलेला ट्रेलर. पुढचे इंजिनवाहन निघून गेल्यावर ट्रेलर दोन लोखंडी पायांवर उभा राहतो आणि प्रत्येक पायाखालची पट्टी जेमतेम ताटाएवढी असते. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात हे पाय एका दुपारीत खोल रुततात.

म्हणून आवाराचा नकाशा समोर ठेवून त्यावर चार प्रकारच्या जागा वेगवेगळ्या रंगांनी दाखवाव्यात: वाहन सरळ धावते ती, वळते ती, ब्रेक लावून मागे-पुढे होते ती आणि तासन्‌तास उभे राहते ती. आपले डांबर वळणावर आणि डॉकसमोर उखडले, सरळ पट्ट्यावर टिकले, याचे कारण या नकाशातच सापडते. तीन आसांचा ट्रेलर जागच्या जागी वळतो तेव्हा तिन्ही आस एकाच केंद्राभोवती फिरू शकत नाहीत, त्यामुळे पुढची आणि मागची चाके फिरण्याबरोबरच आडवी घासली जातात. ही घासणी डांबरातून खडी अक्षरशः उपटून काढते. शिवाय ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातात. आतल्या कोपऱ्यात जागा अपुरी ठेवली, तर चाक कडेच्या दगडावर चढते, कड तुटते आणि मग तेथून पुढचा थर सुटत जातो. एक चांगला चालक बोलावून, जमिनीवर चुन्याने रेघा मारून, सर्वांत लांब ट्रेलर प्रत्यक्ष वळवून पाहणे हा मला आजवर सर्वांत विश्वासार्ह उपाय वाटला आहे. संगणकावरील आराखडा तयार असला तरी मी ही पाहणी सोडत नाही.

आता माती. आवारात निदान तीन-चार ठिकाणी एक ते दीड मीटर खोल चाचणीखड्डे घ्यावेत आणि त्यांतील एक सर्वांत जास्त बिघडलेल्या जागी असावा. मातीची धारणशक्ती मोजण्यासाठी सीबीआर ही चाचणी रूढ आहे. प्रमाणित खडीच्या तुलनेत ती माती किती प्रतिकार करते, हे ती टक्क्यांत सांगते. ही चाचणी नमुना चार दिवस पाण्यात भिजवून करावी, असा आग्रह धरावा. कोरडी काळी माती दगडासारखी कठीण लागते, परंतु भिजल्यावर तिचा सीबीआर दोन-तीन टक्क्यांवर येतो. वर्षातील सर्वांत वाईट दिवशी माती कशी असेल, त्यावरच जाडी ठरते. शिवाय अशी माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे वरचा थर वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खाली बसतो.

अशा मातीवर तीन मार्ग आहेत. ती काही खोलीपर्यंत काढून चांगला मुरूम भरणे हा पहिला. तीन ते पाच टक्के चुना मिसळून ती स्थिर करणे हा दुसरा. चुन्यामुळे चिकणमातीची फुगण्याची प्रवृत्ती कमी होते आणि धारणशक्ती वाढते, मात्र नेमके प्रमाण प्रयोगशाळेत ठरवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे जाड खडीचा थर देऊन त्याच्या आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरणे. हे कापड स्वतः फारसा भार उचलत नाही. खडी चिखलात रुतू नये आणि चिखल खडीत वर येऊ नये, एवढेच त्याचे काम, पण ते काम मोठे आहे. कापड न घातलेल्या एका आवारात मी चार वर्षांनी खड्डा घेतला, तेव्हा ३०० मिलिमीटर खडीपैकी खालची जवळजवळ निम्मी चिखलाने भरलेली होती. नकाशावर ३०० होते, कामाला येत होते दीडशे.

दबाईबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो. भराव दाबल्यानंतर १५० ते २०० मिलिमीटर होईल इतक्याच थरांत टाकावा आणि प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर दाबावा. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांत बसत नाहीत, फार ओली असेल तर पाणीच जागा अडवते. त्या दोहोंमधला नेमका ओलावा प्रॉक्टर चाचणीतून मिळतो. अर्धा मीटर भराव एकदम ओतून वरून रोलर कितीही वेळा फिरवला, तरी खालचा भाग सैलच राहतो आणि पुढे सावकाश बसत जातो. सर्वांत जास्त हलगर्जीपणा वाहिन्यांच्या चरांत होतो. चर अरुंद असतो, रोलर आत जात नाही, म्हणून माती तशीच लोटली जाते आणि सहा महिन्यांत वरच्या काँक्रीटवर चराच्या रेषेत भेग उमटते. चर लहान रॅमरने थरांत दाबावा किंवा पातळ, कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरून टाकावा.

वरचा थर देण्यापूर्वी मी एक साधी परीक्षा घेतो. भरलेला ट्रक चालण्याच्या वेगाने सगळ्या आवारावर, पट्टा पट्टा करून फिरवायचा आणि मागून चालत चाकाखालची जमीन पाहायची. जेथे जमीन चाकापुढे लाटेसारखी हलते किंवा चाकोरी उमटते, तेथे खाली मऊ जागा आहे. ती उकरून पुन्हा भरावी. प्रयोगशाळेच्या दहा अहवालांतून न कळणारी जागा या एका तासात कळते.

पाण्याचा विषय स्वतंत्रपणे मांडतो, कारण तो समजला नाही तर वरील सगळा खर्च व्यर्थ जातो. काँक्रीटच्या सांध्यातून किंवा डांबराच्या भेगेतून पाणी खाली उतरते आणि थरात साचते. वरून ट्रकचे चाक गेले की ते पाणी दाबाखाली भेगेतून उसळते आणि प्रत्येक वेळी थोडी बारीक माती बरोबर घेऊन येते. पावसानंतर सांध्यांच्या दोन्ही बाजूंना चिखलाचे डाग दिसत असतील, तर खाली पोकळी होऊ लागली आहे हे निश्चित समजावे. ओटावाच्या चाचणीतही काँक्रीटचे पट्टे मुख्यतः याच कारणाने निकामी झाले होते.

यासाठी पृष्ठभागाला साधारण साठास एक इतका उतार असावा, ब्लॉकसाठी त्याहून थोडा जास्त. उतार इमारतीकडून दूर असावा. डॉकसमोर मात्र जागा खोलगट असल्याने पाणी नाइलाजाने इमारतीकडेच वाहते, तेव्हा डॉकच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर जाळीची गटार घालणे अपरिहार्य असते. गटारीचे मापही अंदाजाने ठरवू नये. तासाला १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस १,००० चौरस मीटर आवारावर पडला, तर सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी वाहून न्यावे लागते; आपल्या चार हजार चौरस मीटरांसाठी हा आकडा ११० लिटरांच्या पुढे जातो. चार इंची पाइप त्यासाठी पुरणार नाही.

गटारीवरची जाळी हा वारंवार तुटणारा भाग आहे. युरोपीय मानक ईएन १२४ मध्ये जाळ्यांचे आणि झाकणांचे वर्ग ए१५, बी१२५, सी२५०, डी४००, ई६०० आणि एफ९०० असे आहेत आणि अक्षरापुढचा आकडा चाचणीभार किलोन्यूटनमध्ये सांगतो. ट्रकच्या आवारात डी४०० पेक्षा कमी वर्ग घेऊ नये. भरीव टायरच्या फोर्कलिफ्ट वारंवार गटार ओलांडत असतील, तर ई६०० घ्यावा. जाळी बोल्टने घट्ट बसवलेली असावी आणि तिची चौकट दोन्ही बाजूंनी काँक्रीटमध्ये जखडलेली असावी, अन्यथा चांगल्या प्रतीची जाळीसुद्धा खडखडत राहते आणि कडेचे काँक्रीट फोडते. सुट्या झाकणाचा एक तुकडा उडून टायर फाटल्याची घटना मी प्रत्यक्ष पाहिली आहे. त्या वेळी जवळ कोणी उभे असते तर काय झाले असते, या विचाराने मी तेव्हापासून बोल्टविना जाळी स्वीकारलेली नाही.

आता साहित्याकडे येतो. डांबर लवचीक असते, लवकर बसते, दुसऱ्या दिवशी वाहतूक सुरू करता येते आणि दुरुस्तीही सोपी असते. धावत्या वाहनाखाली ते उत्तम काम देते, कारण भार क्षणभरच टिकतो. उभ्या वाहनाखाली, विशेषतः उन्हात, ते सावकाश वाहू लागते आणि चाकोऱ्या पडतात. डिझेल आणि तेल यांचा त्याला फार त्रास होतो. डांबर आणि डिझेल दोन्ही खनिज तेलातून निघालेली असल्यामुळे गळलेले डिझेल डांबराला विरघळवते आणि खडी सुटी होते. म्हणून जेथे वाहने उभी राहतात, तेथे इंजिनाखालच्या जागी काळे, भुसभुशीत खड्डे दिसतात. सरळ पट्ट्यासाठी डांबर वापरायचे ठरल्यास कडक प्रतीचे किंवा पॉलिमरमिश्रित डांबर घ्यावे आणि मिश्रण थंड होण्यापूर्वी दबाई पूर्ण होते की नाही यावर स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे. थंड मिश्रणावर रोलर फिरवला तर पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण आत पोकळ्या राहतात. आपल्या जुन्या डांबरावर मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा असतील, तर पायाच हलला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा थरावर दिलेला नवा थर त्याच भेगा काही महिन्यांत वर आणतो.

काँक्रीटवर मी सविस्तर लिहितो, कारण आपल्या आवारात निर्णायक जागी तेच लागणार आहे. पहिला प्रश्न १५० की २०० मिलिमीटर हा. काँक्रीटची लादी चाकाखाली वाकते आणि वाकण्याचा ताण साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १५० ची जाडी २०० केली, तर काँक्रीट एक तृतीयांशाने वाढते आणि ताण मात्र ४० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. काँक्रीट वारंवार वाकवले की थकते. ताण त्याच्या वाकणक्षमतेच्या निम्म्याहून कमी असेल तर ते जवळजवळ अमर्याद फेऱ्या सोसते, आणि ताण क्षमतेच्या जवळ गेला की काही हजार फेऱ्यांतच फुटते. १५० मिलिमीटरची लादी आपल्या ट्रेलरखाली या दुसऱ्या गटात मोडण्याची शक्यता फार आहे. आपल्या वाहतुकीसाठी, चांगला पाया गृहीत धरून, मी २०० ते २३० मिलिमीटर जाडी, एम ४० प्रतीचे (२८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसणारे) काँक्रीट आणि त्याखाली १०० ते १५० मिलिमीटरचे कमी सिमेंटचे काँक्रीट किंवा घट्ट दाबलेली खडी सुचवीन. अंतिम आकडा मातीच्या अहवालानंतर ठरवावा.

दुसरा प्रश्न लोखंडाचा. लादीत जाळी घातली म्हणजे ती जास्त भार उचलेल, हा समज इतका रुजलेला आहे की त्याच्या भरवशावर जाडी कमी केली जाते. लादीच्या वरच्या एक तृतीयांश भागात घातलेली हलकी जाळी भेग पडल्यावर तिच्या कडा एकत्र धरून ठेवते. भेग पडणे मात्र ती थांबवत नाही. तीच जाळी कामगारांच्या पायाखाली तळाशी दबून गेली, तर तो उपयोगही राहत नाही. जाळीचे पैसे जाडीत आणि सांध्यांमधील डॉवेल बारमध्ये, म्हणजे दोन लाद्यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांमध्ये, घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांधे हा काँक्रीटच्या आवाराचा प्राण आहे. काँक्रीट सुकताना आकसते आणि तापमानाप्रमाणे लांब-आखूड होते. साडेचार मीटर लांबीची लादी ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे सव्वा ते दीड मिलिमीटर हलते. सांधे आपण दिले नाहीत, तर काँक्रीट ते स्वतःच्या मर्जीने पाडते. २०० मिलिमीटर जाडीसाठी सांध्यांमधील अंतर साडेचार मीटरांपेक्षा जास्त नसावे आणि तुकडे शक्य तितके चौरस असावेत; लांबट पट्टी मधोमध फुटतेच. सांधा जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत करवतीने कापावा. तो कापण्याची वेळ फार मोलाची आहे. कड न तुटता करवत चालेल इतके काँक्रीट कठीण झाले की लगेच सुरुवात करावी, मग ती वेळ मध्यरात्रीची का असेना. ‘उद्या सकाळी कापू’ असे म्हणून गेलेल्या कामगारांना सकाळी आडवीतिडवी भेग आधीच पडलेली दिसल्याची उदाहरणे मी मोजायचे सोडून दिले आहे.

सांध्यावर चाक आले की भार एका लादीवरून दुसरीवर जायला हवा. त्यासाठी गुळगुळीत, गोल डॉवेल बार लादीच्या निम्म्या खोलीवर, ३०० मिलिमीटर अंतराने बसवतात; २०० मिलिमीटर लादीसाठी २५ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ४५० मिलिमीटर लांबीचा बार योग्य असतो. प्रत्येक बारच्या निम्म्या भागाला वंगण लावलेले असावे, म्हणजे लादी त्यावर सरकू शकते, आणि सर्व बार एकमेकांना व पृष्ठभागाला समांतर असावेत. तिरपे बसलेले बार सांधा जखडून ठेवतात आणि भेग सांध्याशेजारी पडते. सळईसारखे खरबरीत बार डॉवेल म्हणून वापरल्यासही तेच होते. ते फक्त लांबीच्या दिशेतील सांध्यात, लाद्या एकमेकींपासून दूर सरकू नयेत म्हणून वापरायचे असतात.

लादीची कड आणि कोपरा या तिच्या सर्वांत दुबळ्या जागा होत. म्हणून सांध्यांची आखणी करताना चाकांचे नेहमीचे मार्ग सांध्यावरून किंवा मोकळ्या कडेवरून जाणार नाहीत असे पाहावे, आणि ज्या कडेवर वाहन चढणारच आहे ती जाड करावी. खांब, चेंबर आणि इमारतीची भिंत यांच्याभोवती लादी सुटी ठेवावी, मध्ये दाबली जाणारी पट्टी घालावी. खांबाभोवतीचा चौकोन तिरपा, म्हणजे त्याची टोके सांध्यांवर येतील असा कापावा. सरळ चौकोन कापल्यास त्याच्या कोपऱ्यांतून भेगा निघतात.

काँक्रीट टाकताना पाणी वाढवून ते पातळ करण्याचा मोह कामावर नेहमीच असतो, कारण पसरवायला सोपे जाते. त्या पाण्याची किंमत पृष्ठभागाला द्यावी लागते: वर सिमेंटची दुबळी साय येते आणि वर्षभरात ती धूळ होऊन सुटते. प्रवाहीपणा हवा असेल तर प्लास्टिसायझर वापरावा. ऊन आणि वारा एकत्र असतील तर ओल्या पृष्ठभागावर तासाभरात बारीक भेगा येतात, म्हणून आडोसा करावा आणि फिनिशिंग झाल्याबरोबर क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीटमधील ओलावा टिकवणारे, द्रव्य फवारावे किंवा ओले गोणपाट टाकावे. पुढे निदान सात, शक्य असल्यास चौदा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवावा. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणे आणि मध्ये ते सुकू देणे याला क्युरिंग म्हणता येत नाही. पृष्ठभाग ब्रशने आडव्या रेषा ओढून खरबरीत करावा. गुळगुळीत काँक्रीट डिझेल सांडल्यावर पायाखाली घसरते. पाणी गोठणाऱ्या प्रदेशात काम असेल, तर मिश्रणात सूक्ष्म हवा धरणारे द्रव्य घालणे आवश्यक आहे.

पेव्हर ब्लॉकला कमी लेखू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांच्या टंचाईतून या पद्धतीने बाळसे धरले आणि आज अनेक बंदरांत कंटेनर हलवणारी यंत्रे ब्लॉकवरूनच चालतात. मात्र त्यासाठी ब्लॉक ८० मिलिमीटर जाडीचा, अतिजड भारासाठी १०० मिलिमीटरचा असावा. पदपथाचा ६० मिलिमीटरचा ब्लॉक येथे चालत नाही. मांडणी हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यांसारखी तिरपी-आडवी असावी, कारण ब्रेकचा धक्का तीच चारी दिशांना वाटते. ओळीने मांडलेले ब्लॉक वळणावर सरकतात. खालची वाळू भरड, स्वच्छ आणि दाबल्यानंतर सुमारे ३० मिलिमीटर जाडीची असावी. खालच्या थरातील खड्डे वाळूने भरून पातळी साधू नये, कारण तेथेच पुढे ब्लॉक खचतात. दगडाची भुकटी स्वस्त मिळते म्हणून वाळूऐवजी वापरली जाते. ती पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली चिखल होते. सांध्यांत कोरडी बारीक वाळू पूर्ण भरलेली हवी, कारण ब्लॉक एकमेकांना तिच्याच साहाय्याने धरून असतात. कडेला काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली कड नसेल, तर सगळे आवार हळूहळू पसरते. ब्लॉकखालच्या वाळूत उतरलेले पाणी बाहेर पडण्यासाठी सखल जागी आणि गटारीच्या भिंतीत छिद्रे ठेवावीत, ही गोष्ट नकाशांत मला फार क्वचित आढळते.

आवारात आपला स्वतःचा डिझेल पंप असल्यास त्या जागेला वेगळे नियम लागतात. तेथे फक्त काँक्रीट असावे, सांधे इंधनाला दाद न देणाऱ्या पॉलिसल्फाइडसारख्या लेपाने भरावेत आणि तेथील पाणी पावसाच्या गटारीत न सोडता तेल वेगळे करणाऱ्या टाकीतूनच न्यावे. ब्लॉक येथे अजिबात घालू नयेत, कारण सांध्यांतून डिझेल थेट जमिनीत उतरते.

कराराच्या कागदावर ‘२०० मिलिमीटर काँक्रीट’ एवढेच लिहिलेले पुरत नाही. प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी, दबाईची टक्केवारी, चाचण्यांची संख्या, सांध्यांचा नकाशा, डॉवेलचे माप आणि क्युरिंगचे दिवस त्यात यावेत. जाडी तपासण्यासाठी झाकण्यापूर्वी मोजमापे घ्यावीत आणि शंका आल्यास कोअर, म्हणजे लादीतून आरपार कापलेला गोल नमुना, काढण्याचा हक्क राखून ठेवावा. भविष्यात कॅमेरे, चार्जर किंवा नवे पाणी लागेल असे वाटत असेल, तर रिकामे पाइप आताच टाकून ठेवावेत. चांगली लादी केबलसाठी कापलेली पाहताना मला मनापासून वाईट वाटते.

काम चालू असताना गोदाम बंद ठेवता येणार नाही, हे मी गृहीत धरतो. आवार दोन किंवा तीन भागांत घ्यावे आणि भागांची सीमा सांध्यावरच ठेवावी. काँक्रीटवर ट्रक सोडण्याचा निर्णय दिवस मोजून न घेता, आवारातच ठेवलेल्या नमुन्यांची ताकद तपासून घ्यावा; नियोजनापुरते साध्या मिश्रणाला २८ दिवस धरावेत. जुने डांबर खरवडून फेकून देऊ नये. ते योग्य आकारात फोडून खालच्या भरावात वापरता येते, मात्र आधी डिझेलने भिजलेले भाग वेगळे काढावेत.

नंतरची देखभाल फार नाही, पण ती वेळेवर व्हायला हवी. सांध्यांतील लेप पाच-सात वर्षांत सुकून सुटतो. तो पावसाळ्याआधी बदलावा. ब्लॉकच्या सांध्यांतील वाळू पहिल्या वर्षात एकदा पुन्हा भरावी. गटारी साफ ठेवाव्यात. एखादी लादी फुटलीच, तर भेगेवर मसाला न भरता ती लादी सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण काढून, खालचा पाया तपासून, नवी टाकावी.

ठेकेदारांशी पुढची बोलणी करण्यापूर्वी आपण दोन गोष्टी स्वतः करू शकता. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने आवारात फिरून पाणी कोठे साचले आहे आणि चिखल कोठून वर आला आहे, याच्या खुणा नकाशावर करा. मग वळणाच्या उखडलेल्या जागी एक खड्डा घ्या आणि डांबर किती, खडी किती, खडीत चिखल किती शिरला आहे, हे टेपने मोजून छायाचित्रांसह लिहून ठेवा. तो कागद तिन्ही ठेकेदारांपुढे ठेवून प्रत्येकाला त्याचा प्रस्ताव पुन्हा लेखी द्यायला सांगा. मातीचा भिजवलेला सीबीआर आणि तो खड्डा यांची मापे पाठवल्यास नेमक्या जाडीबद्दल मीही अधिक निश्चितपणे सांगू शकेन.